उण्याची वही

६ जानेवारी, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! चौतिसाव्या वर्षी का होईना. सकाळपासून इतकी धावपळ झाली की पाय बोलायला लागलेत, पण आज चार ओळी लिहायच्याच. ही रोजनिशी आईने निघताना हातात ठेवली. पहिल्या पानावर मी माझं पूर्ण नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत, आणि खाली दोन रेघा ओढल्या. दादाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणू दे.

खोली वर्कशॉपच्या मागच्याच गल्लीत मिळाली. दुसरा मजला, एक खाट, एक टेबल. खिडकीतून समोरच्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. नळ ठिबकतो, त्याच्या तोंडाला मी फडकं बांधलंय. आईसाठी दुसरी खाट कुठे लावायची तेसुद्धा ठरवून झालं. गादी कोपऱ्यात, म्हणजे उजेड तोंडावर येणार नाही.

हे सगळं आईसाठीच तर चाललंय. बारा वर्षांपूर्वी तिचा डावा डोळा काढावा लागला आणि कुणीतरी डब्यातल्या तयार डोळ्यांतून एक निवडून बसवला. बाहुलीसारखा एकटक बघतो तो. तेव्हापासून आई फोटोत मान वळवते आणि आरशासमोर केस चाचपूनच विंचरते. मी शाळेत चित्रकला शिकवत होते. ती नोकरी सोडून कृत्रिम डोळे करायला शिकले ते एवढ्यासाठीच. इथला नियम असा की सहा आठवडे नीट काढले की कारागिराने घरच्या माणसासाठी एक डोळा करायचा. आईचं १७ फेब्रुवारीचं तिकीट काढून टाकलंय. तिच्या खोबणीचा प्लॅस्टरचा साचा आणि उजव्या डोळ्याच्या रंगाचा नमुना पत्र्याच्या पेटीत घालून आणलाय. उद्या ती पेटी वर्कशॉपातल्या टेबलाच्या खणात ठेवते.

एकच गोष्ट सलते. अर्जासोबत मी जो नमुन्याचा डोळा पाठवला, तो माझाच. पण बुबुळाच्या कडेचं काळपट वर्तुळ जरा थरथरलं होतं. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, इकडे दे, आणि अर्ध्या मिनिटात त्यांनी ते सारखं केलं. अर्धं मिनिट फक्त! पण माझं पितळ उघडं पडलं तर ते तिथूनच पडणार.

७ जानेवारी, मंगळवार

वर्कशॉप पाहिलं. लांबट खोली, चार टेबलं. दारापाशी साचेवाली. खोबणीचं माप घेणं, मेणाचा आकार काढणं हे तिचं काम. आतल्या अंगाला पॉलिशकाका बसतात. तीस वर्षं इथेच आहेत आणि तीसही वर्षं रागावलेले असावेत. मधलं टेबल माझं. बुबुळ रंगवायचं आणि पांढऱ्यावर लाल रेशमी धाग्याच्या शिरा बसवायच्या.

चौथं टेबल खिडकीजवळ आहे आणि ते रिकामं असतं. मला नवल वाटलं. रंग जुळवायचा तर दिवसाच्या उजेडातच जुळतो, दिव्याखाली तपकिरी डोळा तांबडा दिसतो. मग सगळ्यात चांगला उजेड असा वाया का घालवायचा? साचेवालीला विचारलं, तर म्हणाली की ते टेबल येणारीसाठी आहे. मी म्हटलं, अहो मी आलेच की! ती हसली. बरं हसली नाही.

झाडलोट करणाऱ्या एक मावशी आहेत. धुळीचा त्रास म्हणून सदा तोंडाला फडकं, नुसते डोळे दिसतात. टेबल झटकायचा ब्रश त्या मुठीत धरत नाहीत, शेंड्याजवळ तीन बोटांत धरतात, मी कुंचला धरते तसा. एक टेबल झटकायला अर्धा तास लागतो. मला हसू आवरेना.

संध्याकाळी पाचला वर्कशॉप चालवणाऱ्या मॅडमनी एक जाड वही आणून ठेवली. तिला उण्याची वही म्हणतात. आज आपल्यात काय उणं राहिलं ते लिहायचं, खाली सही करायची, मग घरी जायचं. आमच्या कामात चूक लपवणारा माणूस चालत नाही, असं मॅडम म्हणाल्या. पटलं मला. पण साचेवालीने आणि काकांनी दोघांनीही ‘काही नाही’ असं लिहून सही ठोकली! दुपारी साचेवालीने एक साचा माझ्यादेखत फोडला होता. मी खरं तेच लिहिलं, की वर्तुळ काढताना हात थोडा थरथरतो. मॅडमनी वाचलं. सकाळपासून त्यांचा चेहरा जो दगडाचा होता तो जरा सैल पडला. नीट लिहितेस, म्हणाल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला डोळा झाला. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. उजवा डोळा हवा होता, तपकिरी, आणि त्यात मोहरीएवढा पिवळा ठिपका. तो ठिपका जमवायला मी दोन दिवस घातले. त्या बाईंनी आरशात पाहिलं आणि माझा हात दाबला, पण मॅडम काहीच बोलल्या नाहीत. चिमट्याने डोळा उचलला, उजेडाकडे धरला, ठेवला. म्हणजे वाईटच झाला असणार. त्या शिवणवाल्या बाईंना बिचारीला काय कळतंय?

वहीत आठ ओळी लिहिल्या. त्या अर्ध्या मिनिटाचंही लिहून टाकलं, की नमुन्यातलं वर्तुळ माझं नव्हतं, ते मला येत नाही. आता हाकलणार, असं वाटलं. पण मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर्कशॉपातल्या कुणी मला हात लावला तो हा पहिल्यांदाच. हलकं वाटलं खरं.

१५ जानेवारी, बुधवार

आज एक विचित्रच झालं. बुबुळ रंगवून झालं आणि कडेचं वर्तुळ काढायला घेतलं, तर काढता येईना. हात थरथरला असता तरी चाललं असतं. हाताला माहीतच नव्हतं. कुंचला कुठून सुरू करायचा, बुबुळाची चकती कोणत्या बाजूला फिरवायची, काही आठवेना. दोन वर्षं रोज केलेली गोष्ट! तासभर ठोंब्यासारखी बसून राहिले. साचेवाली बघत होती. शेवटी ती मोठ्याने म्हणाली की काही माणसं नमुन्यावर दिसतात तशी कामात नसतात. वही वाचली असणार भवानीने.

जेवून आले तर खिडकीजवळच्या टेबलावर माझीच चकती ठेवलेली. वर्तुळ पूर्ण. आणि काय वर्तुळ! आतल्या बाजूला धुरासारखं विरत गेलेलं. शिकवणाऱ्या बाईंनाही असं जमलं नसतं. कुणी केलं, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, काम झालं ना, मग तुला काय करायचंय.

वहीत लिहिलं की वर्तुळ पूर्णच विसरले. न लिहून सांगते कुणाला?

२१ जानेवारी, मंगळवार

पॉलिशकाकांनी जिन्यात गाठलं. हा माणूस दोन आठवड्यांत माझ्याशी चार शब्द बोललेला नाही, आणि आज एकदम अंगावर आला. म्हणाले, त्या वहीत रोज एवढं पुराण कशाला लिहितेस? ‘काही नाही’ लिहायचं आणि घर गाठायचं. वही मागते तेवढं द्यायचं नसतं. एकदा लिहून सही केली की ते आपल्याकडे उरत नाही. मी विचारलं, म्हणजे काय? तर जिना उतरून चालते झाले.

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. उघड आहे, मी खोटं लिहावं आणि मग यांनी मॅडमकडे जाऊन चुगली करावी! खोट्यावर तर इथवर आले आहे, आणखी किती खोटं बोलू? पूर्ण वर्कशॉपात माझं कौतुक होतं ते फक्त त्या वहीपुरतं. तेही सोडू?

गेल्या आठवड्यात ठिपक्यांचं लिहिलं, की बुबुळातले ठिपके माझे अंदाजपंचे असतात. काल एकही ठिपका जमला नाही. खिडकीजवळ तीन बुबुळं तयार होती, ठिपक्यांसकट.

२७ जानेवारी, सोमवार

मनात काकांचं बोलणं घोळत होतं, म्हणून आज म्हटलं करून बघू. ‘काही नाही’ लिहिलं. मॅडमनी पान पाहिलं, खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि दाराची किल्ली टेबलावर ठेवली. काहीतरी असेलच, म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. बाकीचे निघून गेले, दाराला कुलूप लागलं. पाऊण तास त्या माझ्याकडे बघत बसल्या. पापणीही हलत नव्हती. मला आठवायला लागलं की खरंच, काय येतं मला? सगळं तर कुणी ना कुणी सावरून घेतलेलं. मी लिहिलं की शिरा बसवताना मी नुसती नक्कल करते, मला त्यातलं कळत काहीच नाही. सही केली. तेव्हा मॅडमनी किल्ली फिरवून दार उघडलं.

वर्कशॉपातून निघताना खिडकीजवळच्या खुर्चीवर हात टेकला गेला. खुर्ची गरम होती. पाठीवर एक अ‍ॅप्रन होता, कोरा. माझ्या मापाचा.

३ फेब्रुवारी, सोमवार

शिरा गेल्या. लाल धागा हातात घेतला की तो नुसता धागा असतो.

आज तिला पाहिलं. खिडकीजवळ पाठमोरी बसली होती. केस माझ्यासारखेच वर बांधलेले, पण एक बटही सुटलेली नाही. हात भराभर चालला होता. मी जवळ जायला निघाले तर साचेवालीने वाट अडवली. तिच्या उजेडात येऊ नकोस, म्हणाली. माझ्या टेबलावरचा दिवाही काढून नेलाय. तुला कशाला लागतो, असं म्हणाले सगळे.

त्या शिवणवाल्या बाई डोळा साफ करून घ्यायला आल्या. मी पुढे झाले. त्या माझ्याकडे बघून गोंधळल्या आणि म्हणाल्या की ज्यांनी माझा डोळा केला त्यांना बोलवा. मी म्हटलं, अहो मीच की! पिवळा ठिपका, आठवतंय ना? त्या दोन पावलं मागे सरकल्या. खिडकीतलीने मान न वळवता नुसता हात वर केला, आणि बाई हसत तिच्याकडे गेल्या.

अजून दोन आठवडे आहेत. आईचा डोळा मी करणार. तेवढा एक तरी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला फोन केला. तिला नवल वाटलं, आत्ता दुपारीच तर बोललीस, म्हणाली. मी नव्हता केला! आई खुशीत होती. म्हणाली की तू हल्ली किती ठाम बोलतेस गं, पूर्वीसारखी रडत नाहीस, दादासुद्धा म्हणाला की पोरगी सुधारली. आणि आता परत का रडतेस?

परवा वहीत लिहिलं होतं मी. आईशी धीराने बोलायला मला जमत नाही, असं. घरचं होतं ते, कामाचं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या की उणं ते उणं.

कळतंय मला आता काकांचं. कळतंय, पण संध्याकाळी पाच वाजले की हात आपोआप —

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईची पेटी उघडली. साचा हातात घेतला. मेण कसं ओततात? विचारायला साचेवालीकडे गेले, तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मॅडमनी वही पुढे केली. त्या म्हणाल्या, आईला पुन्हा तसाच बाहुलीचा डोळा बसवायचाय का? तुझ्या हट्टापायी? कुणाच्या हातून नीट होईल ते तुलाही माहीत आहे. मग लिही.

मी खिडकीकडे पाहिलं. ते वर्तुळ, त्या शिरा. आईने आरशात सरळ पाहावं एवढंच तर हवंय मला. कुणी का करेना.

लिहिलं. ‘आईचा डोळा माझ्या हातून होणार नाही. जिला येतं तिने करावा. अशा आईची मुलगी म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही.’

खाली सही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी खणात नाही. खिडकीजवळ आहे.

काकांनी वही वाचली. डोकं धरून बसले. हात दाखवून अवलक्षण केलंस पोरी, म्हणाले. मी म्हटलं, पान फाडू या. फाटत नाही म्हणाले. त्यांनी प्रयत्न केला होता, पूर्वी, दुसऱ्या कुणासाठी तरी. मग त्यांनी मावशींना हाक मारली आणि तोंडावरचं फडकं काढायला सांगितलं.

मावशींनी काढलं. मॅडम. मॅडमचाच चेहरा. तीच हनुवटी, तोच तीळ, फक्त धुळीने भरलेला.

काका म्हणाले, हिच्याइतकं सुंदर बुबुळ या खोलीत कुणी काढलं नाही. पण हिला ते कधी पटलं नाही. रोज वहीत दोन पानं लिहायची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खिडकीतलीने मान वळवली.

माझा चेहरा. पण नीट केलेला. कुणीतरी ‘इकडे दे’ म्हणून अर्ध्या मिनिटात सारखा केल्यासारखा.

माझ्याकडे पाहिलं तिने. ओळखही दाखवली नाही — रागही नाही — डब्यात नको असलेला डोळा बाजूला सारतात ना, तसं.

आईला फोन लावला, येऊ नकोस सांगायला. आईने विचारलं, कोण बोलतंय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आई आली. ती घ्यायला गेली होती स्टेशनवर. मी दाराआड.

डोळा तयारच होता. आईला खिडकीजवळ बसवून तिने तो घातला. आईने आरसा घेतला. बारा वर्षांनी सरळ पाहिलं. मान न वळवता. दोन्ही डोळे सारखे, अगदी सारखे. आई रडली. हसली. तिच्या गळ्यात पडली.

मी पुढे झाले. ‘आई’ म्हणून हाक मारली. आईने माझ्याकडे पाहिलं — माझ्या आईने — आणि तिला विचारलं, ही कोण गं?

ती म्हणाली, शिकायला आली होती इथे, जमलं नाही तिला.

आईला वाईट वाटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, धीर सोडू नकोस गं, माझ्या मुलीलाही आधी असंच वाटायचं. आपल्याला काही येत नाही, असं.

१८ फेब्रुवारी

अ‍ॅप्रन काढून घेतला. खोलीची किल्लीपण. कोपऱ्यातल्या गादीवर आता आई झोपते. तिच्यासोबत —

मावशी आज आल्या नाहीत. कुठे गेल्या कुणी विचारलंही नाही. त्यांचा ब्रश माझ्या हातात दिला. फडकंही. मी तीन बोटांत धरला. बोटांना एवढंच आठवतंय.

वही मागितली. लिहिणार होते, मला येतं. मॅडम म्हणाल्या, वही कामावरच्या माणसांसाठी असते.

म्हणून इथेच लिहिते. मला येतं. मला बुबुळ — मला शिरा — तो पिवळा ठिपका मी काढला होता, दोन दिवस लागले होते, मी —

काका तिकडे तोंड करून बसलेत. ‘काही नाही’ लिहितायत.

पहिलं पान उघडलं. आहे. नाव आहे, दोन रेघाही आहेत. वाचता येतंय. मोठ्याने वाचलं.

खिडकीजवळून तिने ओ दिली.

परत वाचलं. परत तिनेच. मग माझं —